शिवलीला मोबाईल हजर आहेत का?

पेपरात काम करणाऱ्यांकडं किस्से साठतात, कारण ते छापायला जागाच नसते. बातमी दुसऱ्या दिवशी भेळेच्या पुडीला जाते आणि सुटते. तिच्यामागं कोण काय बोललं, कोण कसं फसलं, ते मात्र कुठंच जात नाही. कपाटावरच्या धुळीसारखं आमच्याच अंगावर चढत राहतं. माझ्या अंगावर सध्या सगळ्यात जाड थर आहे तो ‘नळ आला का?’ या आमच्या वेबपानाचा.

पान साधं होतं. वाचकानं फोनवर उघडायचं आणि आपल्या गल्लीत, गावात आज पाणी आलं की नाही ते नोंदवायचं. कल्पना माझी. तिच्यामागं दुसरं काही नव्हतं, राग होता.

मंद्रूपच्या पुढं एक गाव आहे. नाव लिहीत नाही. गावाची हरकत नव्हती, पण उगाच खुलासा यायला नको. गावाबाहेर बाभळीखाली एक वस्ती आहे. पाणी योजनेचा कागद म्हणतो, या वस्तीला एक दिवसाआड पाणी मिळतं. वस्ती म्हणते, उद्घाटनाला आलं होतं, नारळ फुटेपर्यंत. मी बातमी लिहिली, खुलासा आला. पुन्हा लिहिली, पुन्हा खुलासा. शेवटी पाणीपुरवठा खात्याचे साहेब मला तोंडावर म्हणाले, “मॅडम, बातमी हा पुरावा नसतो. सुनावणी लावतो, पुरावा आणा.”

आणते, म्हटलं. तिथून हे सगळं सुरू झालं.

* * *

पहिली अडचण पासवर्डची.

आमच्या पानावर नोंद करायची तर आधी खातं उघडा, पासवर्ड ठरवा. त्यात एक मोठं अक्षर पाहिजे, एक आकडा पाहिजे आणि एक चिन्ह पाहिजे. हा नियम श्रीनिवासचा. श्रीनिवास म्हणजे आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरचं सगळं बघणारा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या घरातला. धागा तुटला की माग थांबतो, हे तो लहानपणापासून बघत आलाय, त्यामुळं प्रत्येक गोष्टीला नियम पाहिजे असं त्याला मनापासून वाटतं.

लोक पासवर्ड ठरवायचे आणि संध्याकाळपर्यंत विसरायचे. विसरले की पेपरात फोन. पेपरात फोन म्हणजे मला, कारण बातमीखाली नाव माझं.

जुळे सोलापुरातल्या एका निवृत्त गुरुजींनी असाच फोन केला. माझा पासवर्ड काय होता, म्हणाले. मी सांगितलं, गुरुजी, तो मला दिसत नाही, कुणालाच दिसत नाही, तो गुप्त असतो.

गुरुजींना ते पटलं नाही. मग म्हणाले, “इतकी वर्षं बातमीदारी केली तुम्ही, आणि एवढंसुद्धा काढता येत नाही?”

* * *

मग श्रीनिवासनं उपाय काढला. सगळ्यांच्या फोनमध्ये एका मोठ्या कंपनीचं ईमेल खातं असतंच. (नाव लिहीत नाही; जाहिरातीचे दर आमच्याकडं ठरलेले आहेत.) आपण पासवर्ड मागायचाच नाही. एक बटण ठेवायचं. वाचकानं ते दाबलं की आपलं पान त्या कंपनीला विचारणार, हा माणूस कोण? कंपनी सांगणार, हा अमुक अमुक. की आला आत.

आमचे मालक अण्णा. पेपर त्यांच्या वडिलांनी काढला, त्यामुळं प्रत्येक नव्या गोष्टीकडं ते वडिलांच्या डोळ्यांनी बघतात. त्यांनी श्रीनिवासला तेच पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाले, “म्हणजे माणूस उभा आपल्या दारात, आणि तो कोण हे आपण तिसऱ्यालाच विचारायचं?”

“तसंच अण्णा.”

“आणि तो तिसरा चुकला तर?”

मी मध्ये पडले. म्हटलं अण्णा, आयुष्यभर आपण हेच करतो. गॅसचं कनेक्शन पाहिजे, मुलाला शाळेत घालायचंय, नगरसेवकाचा दाखला आणा, की हा माणूस मला ठाऊक आहे. तो तिसराच असतो.

अण्णा म्हणाले, “तेच म्हणतोय मी. ओळख नसताना सही करून द्यायला आपल्याकडं नगरसेवक आहेत की. परदेशातली कंपनी कशाला?”

पण सुनावणी समोर दिसत होती आणि वस्तीवरची एकही नोंद अजून पानावर नव्हती. पासवर्डातलं चिन्ह म्हणजे काय, इथंच वस्ती अडली होती. मी अण्णांच्या केबिनमधून हललेच नाही. दुसरा चहा आला तेव्हा त्यांनी मान डोलावली.

* * *

बटण बसवायला त्या कंपनीकडं पेपरची माहिती द्यावी लागते. नाव काय, काम काय, आणि एक चिन्ह. वाचकानं बटण दाबलं की कंपनी हे चिन्ह दाखवते आणि विचारते, यांना तुमचं नाव आणि ईमेल देऊ का?

चिन्ह कुठलं द्यायचं हे अण्णांनी ठरवलं. वडिलांचा फोटो. फेटा घातलेला. पेपरच्या पहिल्या पानावर जयंतीला छापतो तोच, हारासकट. श्रीनिवासनं मला खुणेनं विचारलं, मी त्याला खुणेनं गप्प केलं. बटण मिळत होतं ना, फोटो कुणाचाही का असेना.

पहिल्याच सकाळी अक्कलकोट रोडवरच्या एका बाईंचा फोन आला. आवाज दबका.

“ताई, थोरले मालक वारले ना हो?”

वारले की, म्हटलं, बरीच वर्षं झाली.

“मग ते माझा ईमेल कशाला मागतायत?”

दुपारपर्यंत असे फोन येत राहिले. संध्याकाळी अण्णांनी स्वतःच केबिनमधून बाहेर येऊन सांगितलं की फोटो काढा आणि नळाचं चित्र टाका. वडिलांना एवढी माणसं जिवंतपणीही घाबरली नव्हती, असंही म्हणाले. त्यात अभिमान होता की दुःख, ते आम्हाला कुणालाच कळलं नाही.

* * *

फोटो गेला तरी बटण चालेना. दाबलं की कंपनी ओळख पटवायची आणि माणूस कोऱ्या पानावर जाऊन पडायचा. माझ्या टेबलावरचा फोन थंड होईना.

कारण श्रीनिवासनंच शोधलं, पण सांगायला दोन तास लावले. ओळख पटल्यावर माणसाला परत कुठं पाठवायचं, तो पत्ता कंपनीला आधी लिहून द्यावा लागतो. श्रीनिवासनं चाचणी करताना स्वतःच्या कॉम्प्युटरचा पत्ता लिहिला होता आणि तो बदलायचा राहिला. म्हणजे त्याच्या कॉम्प्युटरवर बटण दाबलं तर सगळं नीट, बाकी जिल्ह्यात अंधार.

“मॅडम, माझ्याकडं तर मस्त चालतंय,” तो म्हणाला. वर हसला.

मी म्हटलं, “मग उद्या तुझ्याच घरी नळ आला का, तेवढं छापू.”

पत्ता लगेच बदलला गेला.

* * *

आता गाडी मार्गाला लागली. नोंदी येऊ लागल्या. बाभळीच्या वस्तीवरूनही येऊ लागल्या, रोज, सकाळी. ‘नळ आला नाही.’ ‘आला नाही.’ ‘नाही.’ मला इतका आनंद झाला की पाणी न आल्याचा आनंद करतेय हेही ध्यानात आलं नाही.

श्रीनिवास मात्र स्क्रीनकडं बघत डोकं खाजवत होता. नोंदी वाढत होत्या, माणूस वाढत नव्हता. वस्तीवरच्या सगळ्या नोंदींवर एकच नाव. ‘शिवलीला मोबाईल.’

“डुप्लिकेट दिसतायत,” तो म्हणाला. “साफ करू?”

“हात लावशील तर बघ,” म्हटलं. “चल गाडी काढ.”

वस्तीवर महादेवी अक्का भेटली. तिथली सगळ्यात मोठ्या आवाजाची बाई. निम्मं मराठी बोलते, भांडायचं असलं की कानडी. तिनं आमच्यासमोर बटण दाबलं. वर नाव आलं, शिवलीला मोबाईल. तिच्या जावेनं दाबलं. शिवलीला मोबाईल. शेजारच्या मल्लप्पा म्हाताऱ्यानं नातवाचा फोन आणून दाबला. तोही शिवलीला मोबाईल.

हे काय, म्हणून विचारलं तर अक्कानं माझ्याकडं असं बघितलं की शिकलेली दिसते पण साधं कळत नाही.

“फोन तिथनंच घेतलाय की, मंद्रूपच्या बाजारातनं. मग नाव दुसरं कुणाचं येणार?”

तिथल्या रीतीप्रमाणं ते बरोबरही होतं. ट्रॅक्टरच्या मागं शोरूमचं नाव असतं, लग्नातल्या भांड्यावर देणाऱ्याचं असतं. फोनमध्ये दुकानाचं असलं तर काय बिघडलं?

बिघडलं होतं ते वेगळंच. एकच खातं सगळ्यांच्या फोनात, त्यामुळं एकानं काढलेला फोटो सगळ्यांना दिसायचा. अक्कानं बोटानं सरकवून दाखवले. कुणाची शेळी व्यालेली. कुणाच्या पोरीचा बघण्याचा कार्यक्रम. कुणाच्या तरी पायाची जखम, अगदी जवळून. आसपासच्या गावांतली निम्मी माणसं त्यात होती, आणि कोण कुणाचं, याचा पत्ता नाही. आणि मध्येच धो धो वाहणारा एक नळ, मागं निळं दार.

“ह्यो कुणाच्यात हाय कुणास ठाऊक,” अक्का म्हणाली. “एक दिवसाआड येतोय फोटो. पाणी न्हाय आलं तरी फोटो येतोय की आमाला.”

* * *

परतताना बाजारात शिवलीला मोबाईल गाठलं. मालक शिवानंद. पांढरा शर्ट, कपाळाला भस्म, आणि वागणं असं की तालुक्याला फोन त्यानंच शिकवला.

मी चांगलीच तापले होते. लोकांचं खातं लोकांच्या नावानं काढायचं असतं हे तुम्हाला ठाऊक नाही का, असं विचारलं. त्याला राग आला नाही. त्यानं मला स्टूल दिलं.

“मॅडम, एकेकाला वेगळं काढून दिलं हुतं की पहिल्यांदा. आठ दिवसांत विसरत्यात आणि परत माझ्याच दारात. म्हणून एकच काढलं. आता कुणी बी विसरू दे, मी हाय की.”

श्रीनिवास माझ्या कानात म्हणाला, “मॅडम, आपण जे बसवलंय ना, ते ह्यानं आधीच बसवलं होतं.”

निदान खात्याचं नाव तरी बदला, म्हटलं. शिवानंद तयार झाला. कंपनीनं पासवर्ड विचारला. तो फोनमध्ये कायमचा भरलेला, त्यामुळं त्यालाही आठवेना. मग कंपनी म्हणाली, तुम्हीच मालक आहात याची खात्री करू, तुमच्या फोनवर नंबर पाठवलाय.

शिवानंदनं खिसा चाचपला, मग कपाळाला हात लावला. तो फोन त्यानं मागच्या बाजारात सिमसकट विकला होता.

* * *

सुनावणीच्या आधी साहेबांचा फोन आला. आमच्या नोंदींची प्रत त्यांना पोचली होती आणि त्यांचा आवाज फारच गोड झाला होता.

“मॅडम, तुमचा पुरावा वाचला. शिवलीला मोबाईल नावाचा कुणी एक इसम आहे. तो रोज सकाळी एकाच वेळी वस्तीवरच्या प्रत्येक घरी उभा राहून कोरडा नळ बघतो. योगी आहे का?”

अण्णांनी हे ऐकलं आणि पान बंद करा म्हणाले. पेपरची अब्रू जाते. श्रीनिवासनं सुचवलं की प्रत्येकाला नवं खातं काढून देऊ, नव्या नावानं नव्यानं सुरुवात करू. मी ते अक्काला फोनवर सांगितलं.

“आणि मागचं सगळं?”

मागचं धरणार नाहीत, म्हटलं.

“मग न्हाय,” अक्का म्हणाली. “कोरडा नळ बघितला त्या नावानं, तर बोलणार बी त्याच नावानं. तुमी या नुसत्या.”

मी अण्णांना सांगितलं, पान सुनावणीपर्यंत चालू राहील. नंतर पान आणि मी, दोघांनाही काढा. संध्याकाळी त्यांच्या ड्रायव्हरनं येऊन सांगितलं की उद्या मंद्रूपला गाडी घेऊन जा, असा निरोप आहे.

* * *

सुनावणी साहेबांच्याच हॉलमध्ये. समोर टेबल, भिंतीवर मोठा टीव्ही. एका बाजूला त्यांचे कर्मचारी बसलेले. त्यात बसवराज, योजनेचं पाणी सोडणारा. सगळे त्याला बसू म्हणतात. राहायला शेजारच्या गावात, वस्तीवर तो कधी फिरकत नसे. दुसऱ्या बाजूला वस्ती. बायका, म्हातारे, अण्णांच्या गाडीत आणि टेम्पोत बसून आलेले.

साहेबांनी आमचे कागद उचलले. चष्मा पुसला. हॉलभर नजर फिरवून विचारलं, “शिवलीला मोबाईल हजर आहेत का?”

वस्ती उभी राहिली. सगळी.

“मी एकाला बोलावलंय,” साहेब म्हणाले.

“व्हय,” मल्लप्पा म्हातारा म्हणाला. “आलोय की.”

कर्मचाऱ्यांत कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. साहेबांनी कागद बाजूला सारले. म्हणाले, “ही थट्टा आहे. हा सगळा एकाच माणसाचा उद्योग आहे. आता आमचा पुरावा बघा.” त्यांनी टीव्ही लावायला सांगितला. टीव्हीवर नळ. धो धो. पुढची तारीख, पुन्हा नळ. त्याच्या पुढची, नळ. वस्तीवरचा नळ आहे, आमचा कर्मचारी पाणी सोडलं की फोटो पाठवतो, असं साहेब प्रत्येक फोटोला सांगत होते.

मी उठायच्या बेतात होते. तेवढ्यात अक्कानं माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं.

“साहेब, ह्यो नळ मला म्हाईत हाय.”

“असणारच. तुमच्याच वस्तीवरचा आहे.”

“वस्तीवर नळाच्या मागं बाभळ हाय. हितं दार हाय. निळं.”

ती टेबलापाशी गेली आणि आपला फोन साहेबांच्या कागदांवर ठेवला. तोच नळ, तेच दार. मग तिनं बोटानं फोटो मागं सरकवले, सावकाश, भाजी निवडल्यासारखे. शेळी. पोरगी. जखम. आणि एका फोटोवर थांबली. तेच निळं दार. दारात हार घातलेली नवी मोटारसायकल, आणि तिच्या सीटवर हात ठेवून, नवा शर्ट घालून उभा असलेला बसू. पायाशी तोच नळ.

साहेब फोटोकडं बघत राहिले. मग त्यांना एकदम दुसरंच सुचलं. “हे आमच्या कर्मचाऱ्याच्या फोनमधले फोटो तुमच्याकडं आले कसे? ही चोरी आहे.”

“चोरी कसली? आमच्याच खात्यातले हायत,” अक्का म्हणाली. “तुमीच म्हणला न्हवं का आत्ता, सगळा एकच माणूस हाय म्हणून.”

साहेब कर्मचाऱ्यांकडं वळले.

“बसवराज, उठ. फोन कुठून घेतलास तू?”

बसू उठला. साहेबांकडं बघितलं, मग वस्तीकडं. अक्का त्याला हळू आवाजात कानडीत काहीतरी म्हणाली. मला निम्मंच कळलं. त्याला पुरतं कळलं असावं, कारण त्यानं मान खाली घातली.

“साहेब,” तो म्हणाला, “मी बी शिवलीला मोबाईलच हाय.”

पुढच्या बाजाराच्या आधी एका सकाळी श्रीनिवासनं मला हाक मारून स्क्रीन दाखवला. पानावर नवी नोंद होती. नाव, शिवलीला मोबाईल. ठिकाण, बाभळीची वस्ती. ‘नळ आला.’ खाली फोटो. नळाच्या मागं बाभळ होती.

“मॅडम,” त्यानं विचारलं, “ही नोंद कुणाची म्हणायची?”